माझ्या मुलीच्या पाठीचा बाक ब्रेसने सरळ होईल का?

तुमच्या बारा वर्षांच्या मुलीच्या एक्स-रेमध्ये कण्याला एका बाजूला 29 अंशांचा बाक (स्कोलिओसिस) दिसला आहे, तिची पाळी अजून सुरू झालेली नाही आणि डॉक्टरांनी शस्त्रक्रिया न सुचवता तिच्या मापाचा ब्रेस, म्हणजे धडाभोवती घालायचे कडक कवच, बनवून घ्यायला सांगितले आहे. त्याने कणा सरळ होईल का, आणि नसेल तर तिला हा त्रास द्यायचाच कशाला, असे तुम्ही विचारले आहे. मी ऑर्थोटिस्ट आहे. मुलांच्या पाठीचे ब्रेस बनवणे आणि ते अंगाला नीट बसेपर्यंत दुरुस्त करत राहणे हे माझे रोजचे काम आहे. उपचार कोणता करायचा हे तुमचे अस्थिरोगतज्ज्ञच ठरवतील. ब्रेसबद्दल मात्र मी खात्रीने सांगू शकते.

ब्रेस बाक घालवण्यासाठी देत नाहीत, तो वाढू नये म्हणून देतात. मूल झपाट्याने उंच होत असते त्याच काळात बाकही झपाट्याने वाढू शकतो, आणि तुमची मुलगी आज नेमकी त्या उंबरठ्यावर आहे. हाडांची वाढ पूर्ण झाली तेव्हा बाक 30 अंशांच्या आत असेल, तर तो पुढे सहसा फारसा वाढत नाही. 50 अंशांच्या पुढे गेलेला बाक मात्र मोठेपणीही हळूहळू वाढत राहण्याची शक्यता असते, म्हणूनच 45 ते 50 अंशांच्या सुमारास शस्त्रक्रियेचा विषय निघतो. वाढीची ही दोन-तीन वर्षे त्या मर्यादेच्या बऱ्याच अलीकडे राहून पार पाडणे, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप असतो. काही मुलांचा बाक थोडा कमी झालेला मी पाहिला आहे, पण ती आशा धरून सुरुवात केली तर पुढच्या एक्स-रेला '28 अंश' हा आकडा पाहून मुलगी निराश होते, आणि खरे तर तो आकडा आनंदाचा असतो.

याला आधार काय, तर अमेरिका आणि कॅनडातील 25 केंद्रांमध्ये झालेला एक मोठा अभ्यास, ज्याचे निष्कर्ष 2013 साली प्रसिद्ध झाले. त्यात 10 ते 15 वर्षांची, 20 ते 40 अंशांचा बाक असलेली आणि वाढ शिल्लक असलेली मुले होती. ब्रेस वापरणाऱ्यांपैकी 72 टक्के मुलांचा बाक वाढ संपेपर्यंत 50 अंशांच्या आत राहिला, तर नुसते लक्ष ठेवलेल्या गटात हे प्रमाण 48 टक्के होते. म्हणजे ब्रेसशिवायही जवळपास निम्मी मुले त्या मर्यादेच्या आत राहिली, हे मी पालकांपासून लपवत नाही. आपले मूल त्या निम्म्यांत आहे की नाही हे आधी खात्रीने कळत नाही, एवढीच अडचण. माझ्या दृष्टीने सर्वांत मोलाची नोंद तासांची आहे. ब्रेसमध्ये तापमान टिपणारे सेन्सर बसवले होते, त्यामुळे तो खरोखर किती वेळ अंगावर होता हे कळत होते. सरासरी रोज सुमारे 13 तास किंवा त्याहून अधिक वापरणाऱ्या मुलांमध्ये यशाचे प्रमाण 90 टक्क्यांच्या वर गेले, आणि सहा तासांपर्यंतच वापरणाऱ्यांना ब्रेस न घेतलेल्यांपेक्षा अधिक फायदा झाला नाही. म्हणून डॉक्टरांनी 18 तास सांगितले असतील, तर ते 18 तास हाच उपचार आहे असे समजा.

मापाचा ब्रेस का, तयार कमरपट्टा का चालत नाही, याचे कारण बाकाच्या स्वरूपात आहे. कणा नुसता डावी-उजवीकडे झुकत नाही, त्याला पीळही पडतो. पुढे वाकल्यावर पाठीची एक बाजू उंच दिसते ती त्या पिळामुळे बरगड्या मागे ढकलल्या जातात म्हणून. प्लास्टरचा साचा घेऊन किंवा स्कॅन करून धडाचा आकार मिळाला की, ज्या बाजूला बाक फुगला आहे तिथे आतून गादी देऊन दाब आणायचा आणि त्याच्या विरुद्ध बाजूला मोकळी जागा ठेवायची. ही पोकळी पाहून पालक 'ब्रेस सैल झालाय' म्हणतात; पण दाबलेल्या कण्याला सरकायला जागाच ठेवली नाही तर तो जाणार कुठे? ब्रेस घातलेला असताना काढलेल्या एक्स-रेमध्ये बाक साधारण निम्म्यावर आलेला दिसला तर ब्रेस चांगला जमला असे आम्ही मानतो, अर्थात ताठर बाकाला तेवढे साधत नाही. तो एक्स-रे काढला जातोय याची खात्री करून घ्या आणि आकडा विचारा.

आता जे मला एका मुलीने शिकवले ते सांगते. तिची आई म्हणत होती, 'अठरा तास घालते', सेन्सरवर आठ तास दिसत होते आणि मुलगी मान खाली घालून गप्प होती. मी तिला बुटक्या स्टुलावर बसवले आणि वहीवर लिहायला सांगितले. वाकताच ब्रेसची पुढची कड दोन्ही मांड्यांत रुतली. शाळेत पोहोचताच ती ब्रेस काढून ठेवत असे, कारण तो घालून तिला लिहिताच येत नव्हते. मी तोपर्यंत फिटिंग उभ्यानेच तपासले होते, चूक माझी होती. कड जेमतेम एक सेंटीमीटर कापून, गरम करून बाहेर वळवली, आणि पुढच्या भेटीत पंधरा तास दिसले. तेव्हापासून मी प्रत्येक मुलाला बसवून, वाकवून, लिहायला लावूनच घरी सोडते. तुमच्या मुलीला कुठे टोचते, कुठे काचते, हे तिलाच सांगू द्या, आणि दुरुस्तीसाठी दहा वेळा जावे लागले तरी संकोच करू नका.

ब्रेसखाली आतून शिवण नसलेला घट्ट सुती बनियन चुणी न पडू देता घाला. दाबाच्या जागी त्वचा लाल होणारच, पण ब्रेस काढल्यावर अर्ध्या तासात लाली गेली नाही किंवा सालटे निघाले, तर लगेच दाखवा. त्या जागी क्रीम लावू नका, त्याने त्वचा मऊ पडून आणखी सोलते. व्यायाम जरूर करावा, फिजिओथेरपिस्टकडून बाकासाठीचे खास व्यायाम शिकता आले तर उत्तमच, पण ते ब्रेसच्या सोबतीने. त्याच्या बदल्यात नव्हे. पोहणे, खेळणे, नाचणे यांसाठी डॉक्टरांना विचारून ब्रेस काढून ठेवता येतो.

दर चार-सहा महिन्यांनी एक्स-रे होईल, तेव्हा ब्रेस किती तास आधी काढायचा हे दर वेळी एकसारखेच ठेवा, म्हणजे आकड्यांची तुलना करता येईल. दोन-तीन अंशांच्या फरकाने घाबरू नका, मोजण्यातच तेवढा फरक पडू शकतो. उंची वाढायची थांबली आणि कमरेच्या हाडावरून वाढ संपत आल्याचे दिसले, की डॉक्टर हळूहळू तास कमी करत ब्रेस बंद करतील. तोपर्यंत ती उंच होत जाईल आणि मधे कधीतरी हा ब्रेस तिला आखूड पडेल. नवा साचा घ्यावा लागला, तर पहिला वाया गेला असे समजू नका.