कुबट वासाचा माग

घरात कुबट वास येतोय म्हणता, तर आधी उदबत्ती आणि रूम फ्रेशनर बाजूला ठेवा. वास झाकला की माग हरवतो. रात्रभर बंद ठेवलेल्या खोलीत सकाळी शिरा; पहिल्या दोन-चार श्वासांतच कळतं, नंतर नाक सरावतं. पुण्यात पावसाळ्यात पश्चिमेची आणि नैऋत्येची भिंत आधी बघा, सर त्याच बाजूने झोडपते. मग बाथरूमला लागून असलेली भिंत, सिंकखालचा कप्पा.

ओल भिंतीतून येते की हवेतून, हे कळल्याशिवाय पैसे घालू नका. हातभर प्लॅस्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीला घट्ट लावा, दोन दिवस राहू द्या. भिंतीकडच्या बाजूला पाणी धरलं, तर ओल भिंतीतूनच येतेय. बाहेरची भेग किंवा आतला पाइप शोधा. खोलीकडच्या बाजूला थेंब दिसले, तर हवा दमट आहे. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा, समोरासमोरच्या खिडक्या उघडा, ओले कपडे खोलीत वाळत घालू नका.

बुरशी कोरडी झाडू नका, कण घरभर उडतात. मास्क लावून साबणाच्या पाण्याने पुसा, लगेच वाळवा. ब्लीचमध्ये व्हिनेगर कधीच मिसळू नका, विषारी क्लोरीन वायू तयार होतो.

आणि रंगाऱ्याला बोलवायची घाई नको हो! ओल्या भिंतीवरच्या रंगाचे पोपडे निघतात. माझे एकाच वर्षात दोनदा पैसे गेले. गळती बुजवा, भिंत पूर्ण वाळू द्या, मगच रंग. कुबटलेली कापसाची गादी मात्र सरळ टाकून द्या.