आजोबांनी पाहिलेली ‘सैरंध्री’

प्रश्न : चरईतली आमची इमारत पुनर्विकासाला गेली. माळा उपसताना आजोबांच्या ट्रंकेत ‘सैरंध्री’ सिनेमाचं जुनं पुस्तक निघालं. पुढे गोष्ट, मागे पदं. मुखपृष्ठ फाटून गेलंय. सोबत पत्र्याचा गोल डबा, त्यात फिल्मचं रीळ. उघडला की व्हिनेगरसारखा आंबट भपकारा येतो. आजोबा कोल्हापूरचे, जन्म १९०९चा. ते आईला सांगायचे की सिनेमा मुका होता आणि भीमाने कीचकाला मारलं तेव्हा शेजारची बाई किंचाळून उठली होती. काका म्हणतात, बोलपट होता, तोही रंगीत. खरं कोण? आणि हा सिनेमा आता कुठे पाहायला मिळेल?
– एक वाचक, चरई, ठाणे

उत्तर : ताई, दोघंही खरं सांगताहेत. ‘सैरंध्री’ दोन झाल्या.

काका म्हणतात ती १९३३ची, ‘प्रभात’ची, व्ही. शांताराम यांची. बोलपट. तिच्या रंगीत प्रती जर्मनीत तयार करून आणल्या होत्या; रंग मनासारखे उतरले नाहीत. तुमचं पुस्तक याच सिनेमाचं असणार. मागे पदं छापली आहेत ना? मूकपटात कोण गाणार?

आजोबांची ‘सैरंध्री’ मात्र त्याआधीची, बाबुराव पेंटरांची. ७ फेब्रुवारी १९२० रोजी पुण्याच्या ‘आर्यन’मध्ये ती लागली. कथानक खाडिलकरांच्या ‘कीचकवध’ नाटकाचं. ते नाटक १९०७ साली रंगभूमीवर आलं तेव्हा प्रेक्षकांना कीचकात लॉर्ड कर्झन दिसला आणि सैरंध्रीत हा देश. १९१०मध्ये सरकारने त्यावर बंदी घातली. त्यानंतर दहा वर्षांनी तेच कथानक पडद्यावर आलं, तेही संवादांशिवाय! खाडिलकरांचं सगळं बळ भाषेत. ती काढून घेतल्यावर उरतं काय? पण बाबुराव नाटकांचे पडदे रंगवणारे चित्रकार होते. उजेड कुठून घ्यायचा, माणूस कुठे उभा करायचा, हे त्यांच्या हातात होतं. कॅमेराही घरचाच. बाबुराव आणि आनंदराव या दोघा पेंटर बंधूंनी तो करायला घेतला, १९१६मध्ये आनंदराव गेले, मग बाबुरावांनी सहकारी दामल्यांच्या मदतीने तो पुरा केला. नाटकात सैरंध्री पुरुषनटच साकारायचा. इथे गुलाबबाई ऊर्फ कमलादेवी उभ्या राहिल्या. लोकमान्यांनी बाबुरावांना ‘सिनेमा केसरी’ म्हटलं ते याच चित्रपटावरून.

आता ती किंचाळलेली बाई. कीचकवधाचा प्रसंग इतका अंगावर येणारा होता की सेन्सॉरने तो कापायला लावला. आजोबा तेव्हा दहा-अकरा वर्षांचे. त्यांनी तो प्रसंग खरोखर पाहिला असेल, तर कात्री लागण्याआधीची प्रत पाहिली. तुमचं पत्र वाचताना मी या ओळीवर थांबलो, चष्मा पुसला आणि ती पुन्हा वाचली.

कारण हा सिनेमा आज कुठेच पाहायला मिळत नाही. त्याची प्रत उरलेली नाही. आपल्याकडे तेराशेच्या आसपास मूकपट झाले. त्यातले तीससुद्धा हाती नाहीत, आणि जे आहेत त्यातल्या कित्येकांचे नुसते तुकडे. पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयच मुळी १९६४चं. तोवर बरंच काही वितळवून गेलं होतं. वितळवून हा शब्द अक्षरशः घ्या : काळ्या-पांढऱ्या फिल्मवर चांदी असते, आणि चालून जुनं झालेलं रीळ चांदी काढणाऱ्याला विकलं की चार पैसे सुटत. उरलेलं नायट्रेटने खाल्लं; तेव्हाच्या फिल्मची पट्टीच या चटकन पेटणाऱ्या रसायनाची असे.

हे नायट्रेट मी डोळ्यांनी पाहिलंय. ठाण्यातल्या एका थिएटरात मी तीस वर्षं ऑपरेटर होतो. शिकाऊ असताना उस्तादांनी जपून ठेवलेला नायट्रेट फिल्मचा बोटभर तुकडा मागच्या गल्लीत पेटवला आणि चिमट्याने पाण्याच्या बादलीत बुडवला. तो पाण्याखालीही जळत राहिला. “म्हणून केबिनमध्ये विडी नाही,” एवढंच ते म्हणाले. तशी फिल्म जळली नाही तरी सडते : आधी चिकट होते, मग मधासारखे बुडबुडे धरते, शेवटी डब्यात तपकिरी भुकटी.

तुमच्या डब्याला येतो तो व्हिनेगरचा वास मात्र नायट्रेटचा नव्हे, नंतर आलेल्या, सहज न पेटणाऱ्या अॅसिटेट फिल्मचा. म्हणजे ते रीळ ‘सैरंध्री’चं नाही, बहुतेक बरंच नंतरचं आहे. तुमचा हिरमोड होईल, मला ठाऊक आहे. मलाही क्षणभर आशा वाटली होती. फिल्मच्या काठावर इंग्रजीत ‘सेफ्टी’ छापलेलं दिसतं का पाहा. पण टोक धरून ओढू नका, आक्रसलेली फिल्म तडकते. डबा गॅलरीतल्या उन्हात ठेवू नका, फ्लॅटमधल्या कोरड्या, थंड जागी ठेवा आणि पुण्याच्या संग्रहालयाला कळवा. पुस्तकाला सेलोटेप नको, लॅमिनेशन तर मुळीच नको. साध्या पांढऱ्या कागदात गुंडाळून आडवं ठेवा.

आणि आज रात्रीच आईंजवळ बसा. खाडिलकरांचं नाटक बंदी सोसूनही छापील पुस्तकात उरलं. पेंटरांच्या त्या प्रसंगाचं तुमच्या आईंना आठवतंय तेवढंच तुमच्या घरी आहे. आजोबा कोणाबरोबर गेले होते? थिएटर कोल्हापुरातलं की पुण्याचं? बाई ओरडली तेव्हा पेटी-तबला चालू होता की वाजवणारेही थांबले? आईंच्याच शब्दांत उतरवून घ्या, काही सुधारू नका, आणि एक प्रत मला पाठवा.