पूलचा एक खेळाडू डोक्यावर घेतला जातो आणि दुसरा नकोसा होतो, असे का?

आपला प्रश्न असा आहे की, पूलचे, म्हणजे स्नूकरसारख्या टेबलावरच्या खेळाचे, व्यावसायिक सामने पाहताना काही खेळाडूंवर प्रेक्षक जीव ओवाळून टाकतात आणि तितक्याच, किंबहुना अधिक स्पर्धा जिंकलेल्या दुसऱ्या एखाद्याचे नाव काढताच नाक मुरडतात, याचे कारण काय. हा नुसता देशाभिमान आहे की आणखी काही? मी सांगलीचा. विश्रामबागेतल्या एका पूल पार्लरमध्ये अनेक वर्षांपासून नियमाने खेळतो आणि परदेशातले मोठे सामने रात्री जागून पाहणाऱ्यांपैकी एक आहे. माझे मत असे आहे की, प्रेक्षक खेळाडूचे कौशल्य टेबलापाशी पाहतो, पण माणूस म्हणून त्याच्याविषयीचे मत तो खुर्चीत बसलेला असताना बनवतो.

पूलच्या नाइन-बॉल या प्रकारात टेबलावर एक ते नऊ क्रमांकाचे बॉल असतात. दर वेळी पांढरा बॉल आधी सर्वांत लहान क्रमांकाच्या बॉलला लागला पाहिजे आणि नऊ क्रमांकाचा बॉल नियमानुसार पॉकेटमध्ये घालणारा तो रॅक, म्हणजे तो डाव, जिंकतो. बॉल पडत राहिला की पाळी चालूच राहते. त्यामुळे जिथे रॅक जिंकणाराच पुढचा ब्रेक, म्हणजे डावाचा पहिला शॉट, मारतो, तिथे तो रंगात असला, तर समोरचा माणूस तीन-चार रॅक जागचा हलतही नाही. आमच्या भागात कुस्ती पाहून मोठे झालेल्या माणसाला ही गोष्ट फार विचित्र वाटते. कुंडलच्या मैदानात मातीत उतरलेला पैलवान कितीही अडचणीत आला तरी त्याच्या हातात काहीतरी असते. तो पट सोडवू शकतो, प्रतिडाव टाकू शकतो, निदान पाठ लागू नये म्हणून धडपडू शकतो, आणि त्या धडपडीत त्याचा राग, त्याची भीती, सगळे जिरून जाते. पूलमध्ये ती सोय नाही. प्रतिस्पर्धी आपले स्पर्धेतले आयुष्य संपवत असताना क्यू, म्हणजे खेळायची काठी, गुडघ्यांमध्ये धरून शांतपणे पाहत राहणे, एवढेच बसलेल्या खेळाडूच्या वाट्याला येते, आणि कॅमेरा दर दोन शॉटनंतर त्याच्या चेहऱ्याकडे वळतो. इतका वेळ इतक्या जवळून पाहिल्यावर माणसाचा स्वभाव लपत नाही.

त्यातच नाइन-बॉलमध्ये नशिबाचा वाटा मोठा आहे. टेन-बॉल या दुसऱ्या प्रकारात कोणता बॉल कोणत्या पॉकेटमध्ये घालणार ते आधी सांगावे लागते. नाइन-बॉलच्या प्रचलित नियमांत तसे सांगावे लागत नाही, म्हणून नेम चुकून तिसऱ्याच पॉकेटमध्ये पडलेला बॉलही धरला जातो आणि पाळी पुढे चालू राहते. अशा वेळी बहुतेक खेळाडू प्रतिस्पर्ध्याकडे पाहून हात किंचित वर करतात. फ्लूक लागला हे मला ठाऊक आहे, असा त्याचा अर्थ. काही जण मात्र जणू तोच आपला बेत होता अशा थाटात पुढच्या शॉटकडे वळतात. पार्लरमध्ये सामना लावलेला असला की हे सर्वांच्या नजरेस येते आणि त्याची नोंद कायमची होते. स्वतःला फ्लूक लागला तर गप्प आणि समोरच्याला लागला तर छताकडे पाहून उसासे, अशी ज्याची रीत आहे, त्याने कितीही करंडक नेले तरी आमच्याकडच्या बाकावर त्याला पाठीराखा मिळत नाही.

एफ्रेन रेयेस या फिलिपिनो खेळाडूइतके प्रेम पूलमध्ये क्वचितच कोणाला मिळाले असेल. 1994 मध्ये तो यूएस ओपन नाइन-बॉल जिंकणारा पहिला परदेशी खेळाडू ठरला, 1999 मध्ये कार्डिफला नाइन-बॉलचा आणि 2004 मध्ये एट-बॉलचा विश्वविजेता झाला, पण ज्यांना या तारखा ठाऊक नाहीत त्यांनीही त्याचा 1995 मधला अमेरिकेतल्या रीनोचा तो शॉट पाहिलेला असतो. समोर अमेरिकेचा अर्ल स्ट्रिकलंड होता. त्याने पाच क्रमांकाचा बॉल दुसऱ्या बॉलच्या आड ठेवून रेयेसची वाट बंद केली होती. रेयेसने पांढरा बॉल टेबलाच्या कडेच्या दोन कुशनांवरून इंग्रजी झेड अक्षरासारखा फिरवून पाचला गाठला, तो पॉकेटमध्ये घातला आणि वर सहासाठी जागाही मिळवली. हा शॉट मी असंख्य वेळा पाहिला आहे आणि प्रत्येक वेळी मला शॉटइतकाच रेयेसचा चेहराही पाहावासा वाटतो. तो मूठ हवेत फेकत नाही. आपल्यालाही नवल वाटल्यासारखा हसतो. चूक झाली तर डोके खाजवत खुर्चीकडे जातो. प्रेक्षकाला वाटते की हा माणूस आपल्याच बाजूला बसून आपल्याबरोबर सामना पाहतो आहे.

याच रेयेसने 1985 मध्ये अमेरिकेत पहिल्यांदा आल्यावर सेझार मोरालेस असे दुसरेच नाव सांगून ह्यूस्टनमधली स्पर्धा जिंकली होती, कारण त्याची कीर्ती त्याच्याआधी तिथे पोहोचलेली होती. वास्तविक नाव लपवून खेळणाऱ्याचा लोकांनी तिरस्कार करायला हवा होता. तसे झाले नाही, आणि मला ते योग्य वाटते. त्याने नाव लपवले, खेळ लपवला नाही. पूलमध्ये खरी घृणा वाटते ती मुद्दाम वाईट खेळून समोरच्याला पैशांवर खेळायला भरीस घालणाऱ्याची आणि त्याहून अधिक, ठरवून हरणाऱ्याची. आमच्या सातारा-सांगलीच्या प्रेक्षकाला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. नुरा कुस्ती लागली आहे अशी नुसती शंका आली तरी मैदानातली माणसे उठून ओरडू लागतात. पूलचा इतिहास पैजांशी इतका जखडलेला आहे की एखाद्या खेळाडूवर असा डाग पडला तर तो नंतरच्या विजयांनी सहसा धुतला जात नाही. आपल्याकडे पूल पार्लरला जाणाऱ्या मुलाकडे घरची मंडळी संशयाने पाहतात, त्यामागेही हेच आहे.

आता स्ट्रिकलंडविषयी. यूएस ओपन पाच वेळा आणि नाइन-बॉलचे विश्वविजेतेपद तीन वेळा, शिवाय खेळ असा वेगवान आणि धाडसी की पाहणाऱ्याने श्वास रोखून धरावा. तरीही त्याच्याइतकी भांडणे दुसऱ्या कोणी ओढवून घेतली असतील असे वाटत नाही. तो प्रेक्षकांशी वाद घालतो, पंचांशी घालतो, टेबलाविषयी, कापडाविषयी, बॉलविषयी तक्रार करतो. त्याचे चाहते म्हणतात की हा माणूस प्रामाणिक आहे, जे मनात येते ते बोलतो. मला हे अर्धेच पटते. स्वतःच्या पाळीला स्वतःवर चिडणाऱ्या खेळाडूला लोक पोटात घालतात, कारण त्या चिडीत खेळाविषयीची तळमळ दिसते. पण खुर्चीतून बोलणारा खेळाडू समोरच्याला मिळालेली एकुलती एक गोष्ट हिरावून घेत असतो, ती म्हणजे शॉटपुरती शांतता. हाँगकाँगमध्ये 1996 साली रेयेस आणि स्ट्रिकलंड यांच्यात आधी 120 रॅक जिंकेल तो विजेता, असा एक लाख डॉलरचा सामना झाला. रेयेसने तो 120–117 असा जिंकला. फरक अवघ्या तीन रॅकचा! कौशल्याच्या तराजूत दोघे जवळपास सारखेच होते, आणि तरी जगभरच्या प्रेमाच्या तराजूत एवढी तफावत पडली, याचे उत्तर आकड्यांत सापडत नाही.

बसलेल्या माणसाबद्दल लिहिताना फिलिपिनो खेळाडू फ्रान्सिस्को बुस्तामान्तेचे नाव घेणे मला आवश्यक वाटते. 2002 मध्ये कार्डिफला विश्वविजेतेपदाची स्पर्धा चालू असताना त्याची तान्ही मुलगी मायदेशी वारली. तो स्पर्धेत राहिला, अंतिम फेरीपर्यंत गेला आणि स्ट्रिकलंडकडून 17–15 असा हरला. पुढे 2010 मध्ये तो विश्वविजेता झाला तेव्हा, ज्यांचा फिलिपिन्सशी काडीचाही संबंध नाही अशा लोकांनाही भरून आले होते.

जिंकणे स्वतःच कधी कधी प्रेमाच्या आड येते, हेही खरे आहे, आणि त्याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण पूलच्या शेजारच्या स्नूकरमध्ये आहे. स्टीव्ह डेव्हिस 1980 च्या दशकात सहा वेळा विश्वविजेता झाला. त्या काळात इंग्लंडमधल्या प्रेक्षकांना तो यंत्रासारखा, रटाळ वाटे, आणि सहा वेळा अंतिम फेरीत हरलेल्या जिमी व्हाइटवर मात्र तेच प्रेक्षक जीव टाकत. डेव्हिस 1985 चा अंतिम सामना डेनिस टेलरकडून शेवटच्या फ्रेममधल्या शेवटच्या काळ्या बॉलवर हरला. मध्यरात्र उलटून गेलेली असताना ब्रिटनमध्ये सुमारे एक कोटी 85 लाख लोक तो सामना पाहत होते. पराभव त्याने ज्या सरळपणे स्वीकारला, त्यानंतर त्याच्याकडे पाहण्याची दृष्टी हळूहळू मऊ होत गेली असे मला वाटते. हाच डेव्हिस पुढे युरोप आणि अमेरिका यांच्यातल्या मॉस्कोनी चषकात पूल खेळू लागला आणि 2002 मध्ये त्याने स्ट्रिकलंडला हरवून युरोपला चषक मिळवून दिला, तेव्हा सभागृहाने त्याला डोक्यावर घेतले. खेळण्याची पद्धत फारशी बदललेली नव्हती.

संथ खेळाविषयी फार लिहीत नाही. आता मोठ्या स्पर्धांत शॉटसाठी घड्याळ लावतात, त्यामुळे ती तक्रार बरीच कमी झाली आहे.

पंचाविना होणाऱ्या सामन्यांत मात्र खेळाडूची खरी परीक्षा असते, आणि व्यावसायिक स्पर्धांतही सुरुवातीच्या फेऱ्यांत प्रत्येक टेबलापाशी पंच उभा नसतो. आमच्याकडच्या एका स्थानिक स्पर्धेत पांढरा बॉल आणि सात क्रमांकाचा बॉल यांच्यात जेमतेम बोटभर अंतर होते. खेळणाऱ्या मुलाने क्यू उभा धरून हलकेच शॉट मारला, सात नीट पॉकेटमध्ये गेला, पांढरा हवा तिथे थांबला, कोणाला काहीच वावगे दिसले नाही. अशा शॉटमध्ये क्यूचे टोक पांढऱ्याला दोनदा लागण्याची, म्हणजे फाउल होण्याची, भीती असते, आणि लागले तर ते डोळ्यांना दिसत नाही, फक्त खेळणाऱ्याच्या हाताला कळते. त्या मुलाने चॉक ठेवला, पांढरा बॉल उचलला आणि प्रतिस्पर्ध्याच्या हातात दिला. टेबल त्याच्या बाजूने मोकळे होते, पुढचे दोन बॉल सहज पडणारे होते. तो ती फेरी हरला. त्या दिवसापासून त्याचा सामना असला की खुर्च्या आधी भरतात.

चेहऱ्यावरून घाईने मत बनवणारे प्रेक्षकही असतातच. अमेरिकेचा शेन व्हॅन बोनिंग हा पाच वेळा यूएस ओपन जिंकलेला आणि 2022 चा विश्वविजेता. आमच्याकडे नव्याने सामने पाहू लागलेल्यांना तो तुसडा वाटतो, कारण तो कोणाकडे पाहत नाही, हसत नाही, आजूबाजूच्या आवाजाला दाद देत नाही. त्याला जन्मापासून ऐकू कमी येते आणि तो श्रवणयंत्र वापरतो, हे सांगितले की तोच चेहरा त्यांना वेगळा दिसू लागतो. जर्मनीच्या जोशुआ फिलरची गोष्ट उलट आहे. 2018 मध्ये, विशी नुकतीच ओलांडलेली असताना, तो विश्वविजेता झाला. तो झपाझप खेळतो, आत्मविश्वास लपवत नाही, मॉस्कोनी चषकाच्या गोंगाटात तर तो अधिकच खुलतो. कोणी त्याला उर्मट म्हणतात. मला तो आवडतो, कारण त्याचा सगळा तोरा स्वतःच्या पाळीपुरता असतो.

देशाभिमानाचे म्हणाल, तर तो आहेच. मनिलामध्ये रेयेसला जे स्थान आहे ते नुसत्या हसऱ्या चेहऱ्यामुळे मिळालेले नाही, आणि आपल्याकडेही पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स 1958 मध्ये बिलियर्ड्सचे हौशी विश्वविजेते झाले किंवा पुण्यातच जन्मलेल्या पंकज अडवाणीने बिलियर्ड्स-स्नूकरमध्ये पुन्हा पुन्हा विश्वविजेतेपद मिळवले, याचा अभिमान आम्ही बाळगतोच. परंतु पूलच्या मोठ्या सामन्यांच्या शेवटच्या फेऱ्यांत भारतीय खेळाडू क्वचितच दिसतो, आणि त्यामुळे सांगलीत बसून पाहणाऱ्याला बाजू निवडताना वागणुकीखेरीज दुसरा आधार फारसा नसतो. शिवाय झेंडासुद्धा आता पूर्वीइतका पक्का राहिलेला नाही. रशियात वाढलेला, 2019 आणि 2024 चा विश्वविजेता फेडोर गोर्स्ट मॉस्कोनी चषकात आधी युरोपकडून खेळला आणि अमेरिकेत स्थायिक झाल्यावर अमेरिकेकडून. काल जो विरुद्ध बाजूला होता, त्याच्याच नावाने आज घोषणा द्यायची वेळ अमेरिकन प्रेक्षकांवर आली, आणि मला दिसले त्याप्रमाणे त्यांनी ते फारसे आढेवेढे न घेता केले, कारण खुर्चीत बसून तो कसा वागतो हे त्यांनी पाहिलेले होते.