शाळेच्या दिवशी पोट दुखतं, सुट्टीला नाही

"मुलगी सात वर्षांची, दुसरीत आहे. महिना झाला, रोज सकाळी पोट धरून बसते. डॉक्टर म्हणाले, घाबरण्यासारखं काही नाही. सुट्टीच्या दिवशी मात्र ठणठणीत. नाटक करतेय का? रडत असली तरी पाठवायचं की घरी ठेवायचं?"

प्राथमिक शाळेतल्या मुलांचे पालक हा प्रश्न वारंवार विचारतात. ज्या मुलीची ही हकिगत, तिची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

आधी नाटकाचं बघू. या वयात ताणामुळे होणारी पोटदुखी मूल खरोखरच सोसत असतं. ती बहुधा बेंबीच्या आसपास असते आणि येते-जाते. झोपेतून जागं करणारं दुखणं, बेंबीपासून लांब एकाच जागी दुखणं, वजन घटणं, शौचातून रक्त, वारंवार किंवा हिरवी उलटी, ताप, लघवीला जळजळ यांपैकी काही असेल, तर समुपदेशन नंतर, डॉक्टर आधी. या मुलीला यातलं काहीच नव्हतं.

पालकांचा संशय गणिताच्या बाईंवर होता, कारण चाचण्या आणि दुखणं एकाच सुमारास सुरू झालं. असा संशय घेऊन थेट शाळेत जाण्याआधी दोन आठवडे नोंद ठेवायला सांगितली. किती वाजता दुखलं, त्याआधी काय चाललं होतं, दुखल्यावर मोठ्यांनी काय केलं, किती वेळात थांबलं, एवढंच. सोबत पाण्याची बाटली किती रिकामी होऊन आली आणि शौचाला कधी झाली, याही नोंदी. शेवटचे दोन रकाने पालकांना अनावश्यक वाटतात, पण पोटदुखीच्या तक्रारीत आम्ही समुपदेशक ते गाळू देत नाही.

उत्तर त्याच रकान्यांत होतं. बाटली जवळजवळ भरलेलीच परत यायची. घरी आल्या आल्या मुलगी बूटही न काढता लघवीसाठी शौचालयाकडे पळायची. शौचाला तीन-चार दिवसांनी, तेही कडक आणि खूप. चाचणी असो वा नसो, दुखणं सारखंच. अर्धा दिवस शाळा असली की मात्र सकाळ जवळपास शांत जायची.

'शाळेत काय त्रास होतो?' या प्रश्नाला सात वर्षांचं मूल 'काही नाही' म्हणणार. म्हणून तिला शाळेचा नकाशा काढायला दिला: फाटक, जिना, वर्ग, मैदान, डबा खायची जागा, शौचालय. आवडत्या जागा हिरव्या, नकोशा लाल. वर्ग हिरवा झाला, गणिताच्या बाईंचं टेबलसुद्धा. लाल एकच जागा, शौचालय. मग हळूहळू कळलं, की दाराची कडी लागत नाही. पूर्वी एक मैत्रीण बाहेर दार धरून उभी राहायची, ती दुसऱ्या तुकडीत गेली. मधल्या सुट्टीत मोठ्या मुली दार ढकलतात, आणि तास चालू असताना जायचं नाही असा वर्गाचा नियम.

मग शरीराचं गणित बिघडतं. या वयात मूत्राशयात साधारण २४० मिलीलिटर मावतं. वर्षांच्या आकड्यात एक मिळवून ३० ने गुणलं की हा अंदाज निघतो. शाळेत शौचालयात जायचंच नाही, तर ते भरू नये म्हणून मूल पाणीच पीत नाही. शौच दाबून ठेवलं की मोठं आतडं त्यातलं पाणी शोषत राहतं, मळ कडक होतो, पुढच्या वेळी दुखतं, म्हणून मूल आणखी दाबतं. अशा पोटात सकाळी शाळेची धास्ती मिसळली की कळ येणारच. सुट्टीच्या दिवशी दाबून ठेवायची गरज नसते आणि धास्तीही नसते. एवढाच त्या 'नाटका'चा अर्थ.

घरी ठेवल्याने हे सुटत नाही. घरी राहिलं की दहा मिनिटांत बरं वाटतं, आणि पोट दुखलं की सुटका होते हे मूल नकळत शिकतं. या मुलीला शाळेतूनही तीनदा फोन करून घरी पाठवलं होतं. अनेक ठिकाणी वर्षातले दहा टक्के दिवस बुडणं ही धोक्याची पातळी मानतात. १८० दिवसांच्या वर्षात ते १८ दिवस, म्हणजे महिन्याला साधारण दोनच. पालकांना हा आकडा सांगितला की बहुतेकांना धक्का बसतो.

काम दोन बाजूंनी सुरू झालं. बद्धकोष्ठाचं औषध आणि मात्रा डॉक्टरांकडे. घरी दिवसभरात सव्वा लिटरच्या आसपास पाणी, त्यातलं एक पेलाभर उठल्यावर. खाल्ल्यावर आतडं हलतं, म्हणून नाश्त्यानंतर पाच ते दहा मिनिटं शौचाला बसायचं, पाय अधांतरी न ठेवता पाटावर टेकवून. झालं नाही तरी चिडायचं नाही. बसली याचं कौतुक करायचं. त्यासाठी सगळ्यांना अर्धा तास आधी उठावं लागलं, आणि खरं सांगायचं तर घरात सर्वांत जास्त कुरकुर याचीच झाली.

दुसरी बाजू शाळेची. नियमपुस्तिका बहुतेक घरांत सही करून बाजूला पडते. इथे ती काढून चारच गोष्टी शोधल्या: वर्गातून बाहेर जाण्याची परवानगी, आजारी मुलाला घरी पाठवण्याची अट, उशिरा आल्यास काय, आणि तक्रार आधी कोणाकडे. शौचालयाबद्दल पुस्तिकेत एक अक्षरही नव्हतं. म्हणजे नियम शाळेचा नव्हता, वर्गशिक्षिकांची सोय होती. अशा ठिकाणी आधी वर्गशिक्षिकांशीच बोलावं. थेट मुख्याध्यापकांकडे गेलं की शिक्षिका दुखावतात, आणि रोज वर्गात राहायचं असतं ते मुलीला.

पत्र एका पानाचं. काय दिसलं, डॉक्टरांची दोन ओळींची चिठ्ठी, नेमकी मागणी आणि पुन्हा भेटण्याची तारीख. दोषारोप नाही. मागण्या तीन होत्या. एक, मुलीने बाकावर ठरलेलं कार्ड उभं केलं की न विचारता जाऊन यायचं. शिवाय मधल्या सुट्टीच्या दहा मिनिटं आधी, गर्दी नसताना, रोज एक फेरी. दोन, कडीची दुरुस्ती. तीन, पोट दुखलं तर आजारी मुलांच्या खोलीत दहा मिनिटं पडायचं, ताप बघायचा आणि वर्गात परतायचं. घरी फोन फक्त ३८ अंश सेल्सिअस किंवा जास्त ताप, उलटी, जुलाब किंवा न थांबणारं दुखणं असेल तरच. 'मग सगळीच मुलं उठतील' ही शिक्षिकांची भीती अगदी रास्त होती. कार्ड गुपचूप वापरायचं ठरल्यावर त्यांनी होकार दिला.

सकाळचं बोलणंही बदललं. 'आज दुखतंय का?' हे विचारणं बंद. तिने सांगितलं तर 'हो, दुखत असेल. कार्ड आहे, खोली आहे. चल, मोजे घाल,' एवढंच. फाटकावर निरोप दोन मिनिटांत. तिथे रेंगाळलेले पालक मुलाला धोका असल्याचीच खूण देत असतात. खरंच आजारी असेल तेव्हा घरी, पण टीव्ही-मोबाइलविना आणि अंथरुणात.

पहिल्या आठवड्यात रडणं वाढलं. पूर्वी चालणारी युक्ती चालेनाशी झाली की असं होतंच, आणि नेमकं तेव्हाच पालक माघार घेतात. हे आधी सांगून ठेवलेलं असल्याने हे दोघं टिकले. दुसऱ्या आठवड्यात कडी बसली. सहाव्या आठवड्यात गाडी घसरली ती वेगळ्याच कारणाने: शौच मऊ झाल्यावर औषध परस्पर थांबवलं गेलं. ताणलेलं आतडं पूर्ववत व्हायला महिने लागतात. औषध डॉक्टरांच्या सांगण्यानेच, हळूहळू उतरवायचं असतं. चार दिवस पुन्हा दुखलं, मात्र शाळा बुडाली नाही.

प्रत्येक नकाशात लाल जागा शौचालयच असेल असं नाही. ती बस असू शकते, मोठ्याने वाचायला उभं करणारा तास असू शकतो. काही मुलं शाळेला घाबरतच नाहीत, घरात आजारी असलेल्या आईला सोडून जायला घाबरतात. अशांचा सगळा नकाशा हिरवा येतो. तेव्हा शाळेला पत्र लिहून उपयोग नसतो, बोलणं घरातल्यांशीच करावं लागतं.