विद्यापीठांत बनणारे 'स्वस्त' निदान-सेन्सर प्रत्यक्ष वापरात का येत नाहीत? या विषयात पीएचडी करावी का?

प्रश्न वाचून आधी पान बंद केलं, मग पुन्हा उघडलं. या विषयात माझी साडेपाच वर्षं गेली आहेत आणि 'स्वस्त' या एका शब्दावरून गाईडशी झालेलं भांडण माझ्या बाजूने अजून मिटलेलं नाही. तेव्हा उत्तर निःपक्षपाती असेल अशी आशा ठेवू नका.

तुम्ही म्हणताय की दर महिन्याला कुठल्यातरी रसायनशास्त्र विभागाने कागदावर आजार ओळखणारी पट्टी शोधल्याची बातमी येते, पण साखर, गरोदरपण आणि कोविड सोडून हातात काहीच येत नाही. मलेरिया आणि एचआयव्हीच्या पट्ट्या विसरलात, पण मुद्दा कळला.

माझा विषय होता क्रिएटिनिन. मूत्रपिंडं रक्त नीट गाळतायत की नाही हे त्यावरून कळतं. त्यामागचं रसायन चांगलंच जुनं आहे. अल्कलीत पिक्रिक ॲसिडशी क्रिएटिनिनची गाठ पडली की पिवळ्याचं नारिंगी होतं, हे मॅक्स याफेने 1886 मध्येच दाखवलं होतं. आम्ही ते कागदावर आणायचं ठरवलं. फिल्टर पेपरवर मेणाची वर्तुळं छापायची, हॉट प्लेटवर ठेवून मेण कागदात उतरवायचं, की भिंती तयार. आत पिक्रेट (पिक्रिक ॲसिडचा क्षार), मग सोडियम हायड्रॉक्साइड, वाळवायचं. वर सिरमचा, म्हणजे रक्तपेशी काढून उरलेल्या द्रवाचा, थेंब सोडायचा आणि दहा मिनिटांनी पट्टी स्कॅनरवर ठेवायची.

(मेणाच्या भिंतींची कल्पना आमची नव्हे, आणि हल्लीचीही नव्हे. म्युलर आणि क्लेग यांनी 1949 मध्येच फिल्टर पेपरवर पॅराफिनने वाट आखून दिली होती. 2007 मध्ये हार्वर्डच्या व्हाइटसाइड्स गटाने कागदावर लघवीतली साखर आणि प्रथिनं मोजून दाखवली आणि हे क्षेत्र एकदम पेटलं. 2009 पासून मेणाची शाई वापरणाऱ्या ऑफिस प्रिंटरवर भिंती छापता येऊ लागल्या. पुढे ते प्रिंटर बनायचेच बंद झाले, आणि जगभरच्या प्रयोगशाळा जुनी यंत्रं आणि उरलेल्या शाईच्या कांड्या जपत बसल्या. 'कुठेही, कोणालाही बनवता येईल' असं तंत्रज्ञान!)

बफरमध्ये, म्हणजे रक्ताऐवजी लॅबमध्ये बनवलेल्या स्वच्छ द्रावणात, पट्टी अप्रतिम चालली. कॅलिब्रेशनची रेषा पट्टीने आखल्यासारखी, आर-स्क्वेअर 0.997 (1 म्हणजे बिंदू अगदी रेषेवर). सरांनी, म्हणजे माझ्या गाईडनी, तो आलेख फोनमध्ये ठेवला होता आणि कॅन्टीनमध्ये भेटेल त्याला दाखवायचे. मीही कमी हुरळले नव्हते.

मग एका रुग्णालयाच्या लॅबमधून, रीतसर परवानगी काढून, तपासणीनंतर उरलेली 42 सिरम सॅम्पल्स मिळाली. यंत्राने 1.0 सांगितलेल्या माणसाला माझी पट्टी 1.7 सांगत होती. मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या या दोन आकड्यांत 'सगळं ठीक' आणि 'मूत्रपिंडाच्या डॉक्टरकडे जा' इतकं अंतर असतं. कावीळ झालेल्यांचे आकडे खाली घसरत होते, कीटोन वाढलेल्या मधुमेहींचे वर उडत होते. यात नवीन काही नव्हतं. याफेची अभिक्रिया नुसत्या क्रिएटिनिनशी इमान राखत नाही, ती ॲसिटोॲसिटेट या कीटोनला भुलते, प्रथिनांना भुलते, काही प्रतिजैविकांनाही भुलते, आणि काविळीत वाढणारं बिलिरुबिन तिला खाली ओढतं. हे मी वाचलेलं होतं. थिसिसच्या पहिल्या प्रकरणात लिहिलेलंही होतं.

मग त्या लॅबमधलं यंत्र काय वेगळं करत होतं? रसायन तेच होतं. ते फक्त वेळ साधत होतं. ॲसिटोॲसिटेट झटपट रंग देतं, प्रथिनं सावकाश, म्हणून यंत्र सुरुवातीचे काही सेकंद सोडतं आणि मधल्या टप्प्यात रंग किती वेगाने चढतोय ते मोजतं. आम्ही दहा मिनिटं थांबून शेवटचा रंग वाचत होतो. यंत्र काढून टाकल्याचा आम्हाला अभिमान होता, आणि त्या यंत्रासोबत या रसायनाला सावरणारी एकमेव गोष्टही आम्ही काढून टाकली होती.

त्या लॅबमध्ये एक टेक्निशियन काका होते. त्यांनी पट्टी उलटसुलट करून पाहिली, छान म्हणाले, आणि विचारलं, "ही ठेवायची कुठे? आणि किती दिवस चालते?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. कारण मी पट्ट्या रोज सकाळी बनवायचे आणि संध्याकाळपर्यंत संपवायचे. दोन वर्षांत एकही पट्टी माझ्याकडे रात्रभर राहिली नव्हती.

परत आले, साठ पट्ट्या बनवल्या, झिपच्या पाकिटांत भरल्या आणि रोज थोड्या काढून बघू लागले. चौथ्या दिवशी रंग निम्म्यावर आला. दहाव्या दिवशी पट्टी पिवळी ती पिवळीच. सोडियम हायड्रॉक्साइडची बाटली उघडी ठेवली तर काय होतं हे बारावीचा मुलगा सांगेल. ते हवेतलं पाणी ओढतं, त्या ओलीत कार्बन डायऑक्साइड विरघळतो आणि हायड्रॉक्साइडचं कार्बोनेट होतं. अल्कलीचा जोर ओसरला की याफेची अभिक्रियाही थंडावते. मी तर तेच हायड्रॉक्साइड हवेला जास्तीत जास्त पृष्ठभाग मिळेल असं कागदाच्या धाग्याधाग्यावर पसरून ठेवलं होतं, आणि वर आश्चर्य करत होते.

काकांचा दुसरा प्रश्न त्याहून साधा होता. "पिक्रिक कोरडं ठेवायचं नसतं ना?" नसतंच. कोरडं पिक्रिक ॲसिड स्फोटक असतं, म्हणून बाटलीतसुद्धा ते पाण्याखाली ओलं ठेवतात. एका पट्टीवर ते इतकं थोडं असतं की काही होत नाही. पण कारखान्यात अशा लाखभर पट्ट्या वाळवायच्या म्हटल्या तर कोण सही करेल?

मी सरांकडे गेले. सर म्हणाले, "तीन दिवसांचा डेटा चांगला आहे ना? तीन दिवसांचा दाखव." पेपरमध्ये 'स्थिर' असा शब्द आला. शेवटच्या परिच्छेदात एका पट्टीची किंमतही आली, इतकी कमी की वाचणाऱ्याला वाटावं फुकटच वाटायच्या आहेत. मी विचारलं, यात काय काय धरलंय? कागद, मेण आणि दोन रसायनं. धरलं नव्हतं ते असं: रक्तातून सिरम वेगळं करणारा सेंट्रिफ्यूज, मायक्रोपिपेट, स्कॅनर आणि मी. रंग वर्तुळाच्या काठाला जमून कॉफीच्या डागासारखं कडं झालं म्हणून फेकलेल्या पट्ट्याही धरल्या नव्हत्या. सरांचं म्हणणं, "सगळे असंच लिहितात." ते खरंच होतं, त्याचाच मला जास्त राग आला.

आता माझंही सांगते. ती कडं झालेली वर्तुळं 'आउटलायर' (बाकीच्यांशी न जुळणारी) म्हणून मीच काढली होती, कोणी सांगितलं नव्हतं. पाचातली चार जुळली की पाचवीकडे बघायचं नाही, हे मी माझं मीच शिकले. पेपरवर पहिलं नाव माझं आहे. भांडले मी किंमतीवरून, आउटलायरबद्दल मात्र तोंड उघडलं नाही.

तर तुमच्या पहिल्या प्रश्नाचं माझं उत्तर असं: कागद स्वस्त असल्याने सेन्सर स्वस्त होत नाही. दहा हजारावी पट्टी पहिलीसारखीच वागावी, सहा महिन्यांनी उघडली तरी तशीच वागावी, यासाठी पैसा लागतो. ओल शोषणारी पुडी आणि हवाबंद पाकीट हे आतल्या कागदापेक्षा महाग पडतं. अँटिबॉडी लागत असेल तर तिच्या प्रत्येक नव्या लॉटला सगळं पुन्हा तपासावं लागतं. मग रुग्णांवरच्या चाचण्या, मग परवाने. यातल्या कशावरही पेपर निघत नाही, म्हणून विद्यापीठात ते कोणी करत नाही. निदानाची चाचणी कशी असावी याचे जागतिक आरोग्य संघटनेचे प्रसिद्ध निकष आहेत, 'ॲशुअर्ड' (ASSURED) या इंग्रजी शब्दाच्या सात अक्षरांत बसवलेले. परवडणारी असावी हे त्यातलं फक्त पहिलं अक्षर. बाकीच्या सहांत ती अचूक असावी, दणकट असावी, उपकरणाशिवाय चालावी आणि गरजूपर्यंत पोचावी, असं सगळं येतं. आमच्या क्षेत्राने पहिलं अक्षर वाचलं आणि पेपर लिहायला घेतला.

साखरेच्या पट्टीचं उदाहरण सगळे देतात, तेही नीट बघा. लघवीत बुडवायची साखरेची पट्टी 1956 मध्ये आली. रक्तातली साखर एन्झाइम लावलेल्या इलेक्ट्रोडने मोजायची कल्पना क्लार्क आणि लायन्स यांनी 1962 मध्ये मांडली. ऑक्सिजनवर अवलंबून न राहता इलेक्ट्रॉन वाहून नेणारं फेरोसीन 1984 मध्ये आलं, आणि त्यावर आधारलेला पेनाएवढा मीटर 1987 मध्ये. क्लार्कपासून पंचवीस वर्षं, आणि तीही नशीबवान रेणूची. साखर रक्तात भरपूर असते, ग्लुकोज ऑक्सिडेज हे एन्झाइम टिकाऊ आणि आपल्या कामापुरतं बघणारं आहे, आणि मधुमेही माणूस दिवसातून अनेकदा पट्टी विकत घेतो. यातलं एकही भाग्य क्रिएटिनिनच्या वाट्याला आलेलं नाही. इतकं सगळं जुळूनही 2013 च्या आंतरराष्ट्रीय मानकात घरच्या मीटरला 100 च्या वरच्या साखरेसाठी 15 टक्के इकडेतिकडे चालतं.

डिटेक्शन लिमिटच्या, म्हणजे किती कमी प्रमाण ओळखता येतं याच्या, शर्यतीवर मी पानभर शिव्या देऊ शकते, पण आवरतं घेते. कोऱ्या बफरचं स्टँडर्ड डेव्हिएशन घ्यायचं, तीनने गुणायचं, स्लोपने भागायचं, आणि 'आमचा सेन्सर नॅनोमोलर ओळखतो' म्हणून सांगायचं. क्रिएटिनिन निरोगी माणसाच्या रक्तात साधारण 50 ते 110 मायक्रोमोलर असतं, आणि नॅनोमोलर म्हणजे मायक्रोमोलरचा हजारावा भाग. नॅनोमोलर कोणाला हवंय? डॉक्टरला 1.2 आणि 1.5 (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर) मधला फरक रोज, प्रत्येक पट्टीवर, कोणाच्याही हातून कळायला हवा.

पीएचडी करावी का? करा. पण गाईड निवडताना त्यांचे पेपर मोजू नका. पहिल्या भेटीत विचारा, तुमच्या लॅबमधली सर्वांत जुनी चालू पट्टी किती दिवसांची आहे? उत्तर देताना ते कपाट उघडायला उठले तर तिथेच प्रवेश घ्या. सुरुवात बफरपासून न करता खऱ्या सॅम्पलपासून करा. लॅबमध्ये रोज सॅम्पल हाताळणाऱ्या माणसाला पहिल्या महिन्यात भेटा, चौथ्या वर्षी नको. आणि पेपरच्या शेवटी किंमत लिहायला सांगितली तर सेंट्रिफ्यूज धरून लिहा. नाही छापला तर नाही छापला.

हो, हे लिहायला सोपं आहे, शिष्यवृत्ती संपत आलेली असताना करायला अवघड. मी केलं नाही.

थोडं सावरून घेते, नाहीतर कोणीतरी कमेंटमध्ये सुनावेलच. क्रिएटिनिनसाठी एन्झाइमवर चालणाऱ्या पद्धती आहेत, त्या याफेपेक्षा कितीतरी कमी भुलतात आणि रुग्णाच्या खाटेशेजारी वापरायच्या यंत्रांत चालतातही. म्हणजे चूक कागदाची नव्हती, आम्ही निवडलेल्या रसायनाची होती. रंगाऐवजी विजेचा संकेत मोजणाऱ्या इलेक्ट्रोकेमिस्ट्रीवाल्यांचं आमच्यापेक्षा बरं चाललंय, त्यांना निदान उजेडाशी आणि कॅमेऱ्याशी झगडावं लागत नाही. सरही वाईट माणूस नव्हते. माझ्या आजारपणात त्यांनी तीन महिने फेलोशिप थांबू दिली नाही, आणि मला खऱ्या सॅम्पलकडे जाऊ दिलं तेही त्यांनीच. दुसरा कोणी असता तर 0.997 वरच थिसिस बांधायला सांगितला असता.

त्या पेपरला अजून उद्धरणं येतात. मध्यंतरी एका विद्यार्थ्याची मेल आली होती: मॅडम, तुमच्या पद्धतीने पट्ट्या बनवल्या, पण नारिंगी होतच नाहीत, पिक्रेट बदलून पाहिलं, कागद बदलून पाहिला. मी विचारलं, किती दिवस ठेवल्या होत्यास? त्याने लिहिलं, दोन आठवडे, पेपरमध्ये स्थिर लिहिलंय म्हणून. त्याला दहा दिवसांचा सगळा डेटा पाठवून दिला. सरांना सीसीमध्ये ठेवलं होतं. त्यांचं काही उत्तर आलं नाही.