तुमचे प्रश्न, ताईंची उत्तरं

प्रश्न: ताई, आम्ही इंदूरचे, रामबागेत घर आहे. रविवारी पोहे खात सगळे टीव्हीवर 'कल हो ना हो' बघत होतो, कांताबेनचा सीन आला, म्हणजे ती कामवाली बाई दोन्ही हिरोंना गे जोडपं समजून घाबरते तो, आणि काका-आत्या खो खो हसले, मीपण हसलो. पण मी गे आहे, घरात कुणाला माहीत नाही. पिक्चरमध्ये आम्ही फक्त हसण्यापुरतेच का असतो?

— एक वाचक, वय 22

उत्तर: अरे, ती बशी हातात धरून तू कसा हसला असशील ते मला दिसतंय बघ, फार वाईट वाटलं. तो पिक्चर 2003चा, नंतर 2008च्या 'दोस्ताना'त तर दोघं मित्र फ्लॅट मिळावा म्हणून गे असल्याचं नुसतं नाटक करतात, म्हणजे गे माणूस त्यात जवळजवळ नाहीच, आहे ती त्याची नक्कल. थिएटरला हुकमी हशा पाहिजे असतो आणि ज्याच्यावर हसायचं तो उठून बोलणार नाही याची त्यांना खात्री असते, मला तरी हेच कारण वाटतं.

पण 2016चा 'कपूर अँड सन्स' बघ. त्यातला मोठा भाऊ गे आहे, लेखक आहे, घरचा लाडका आहे आणि आईला कळतं तेव्हा कुणी हसत नाही. 2022च्या 'बधाई दो'मधला गे पोलीसवाला तर आपल्या गल्लीतलाच वाटतो, घरच्यांच्या कटकटीपायी लग्न उरकणारा.

घरी सांगायची घाई नको, शिक्षण-नोकरीचं आधी बघ. आत्याबरोबर 'कपूर अँड सन्स' लाव एकदा, ती काय बोलते ते ऐक आणि मला परत लिही.