फायबर टाकलं म्हणून जाळी वगळायची का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गोव्यात पेडण्यात घर बांधताय, गेटपासून पोर्चपर्यंत चाळीस फूट लांब, दहा फूट रुंद काँक्रीट करायचं आहे. कंत्राटदार म्हणतो, "फायबर टाकतो, जाळीचा खर्च वाचेल. गच्चीच्या स्लॅबलाही फायबर टाकू आणि सळी थोडी कमी करू." फायबर म्हणजे काँक्रीटमध्ये मिसळायचे धागे किंवा तुकडे, जाळी म्हणजे आत टाकायची सळीची जाळी. हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि त्याने दोन्हींना एकच उत्तर दिलंय.

गच्चीचं आधी सांगतो, ते लवकर संपतं. नाही. डोक्यावरच्या स्लॅबची, बीमची, छज्जाची एकही सळी फायबरच्या नावावर कमी करू देऊ नका. घरासमोरचं काँक्रीट सगळीकडून जमिनीवर टेकलेलं असतं. गच्चीचा स्लॅब दोन बीमच्या मध्ये अधांतरी असतो, त्याच्या पोटाशी ताण येतो आणि तो ताण सळीच घेते. इंजिनिअरच्या ड्रॉइंगमध्ये जेवढी सळी दाखवली आहे तेवढी पडलीच पाहिजे. त्यावर फायबर जादा टाकायचं असेल तर खुशाल टाका, नुकसान काही नाही.

आता आंगणातलं काँक्रीट. इथे कंत्राटदाराचं म्हणणं पूर्ण खोटं नाही, फक्त तो कुठलं फायबर टाकणार आहे ते तुम्ही विचारलेलं नाही. बहुतेक वेळा उत्तर येईल: "ती पुडी असते ना, बॅगेला एक." ती १२५ ग्रॅमची पुडी म्हणजे मायक्रो फायबर. केसासारखे बारीक, साधारण १२ मिलिमीटर लांबीचे प्लास्टिकचे धागे. एम२५ (काँक्रीटच्या ताकदीची एक प्रत) च्या घनमीटरला सिमेंटच्या साधारण सात बॅगा धरल्या तर घनमीटरला पाऊण-एक किलोच्या आसपास फायबर पडतं. आकारमानाने बघाल तर हजारात एक भाग.

एवढ्याशा धाग्याचं काम पहिल्या दिवसापुरतं. काँक्रीट ओतल्यावर पाणी वर येतं, ते उडून जातं, आणि काँक्रीट अजून ओलं असतानाच वरचा थर आखडायला लागतो. तेव्हा ज्या बारीक, वेड्यावाकड्या भेगा पडतात त्या हे धागे रोखतात, आणि ते काम ते खरंच चांगलं करतात. आपल्याकडे त्याची गरजही आहे. चवथ झाली की बांधकामं सुरू होतात आणि बरीचशी काँक्रीटं डिसेंबर-जानेवारीत पडतात. त्या दिवसांत सकाळी पूर्वेकडून कोरडा वारा सुटतो. त्यात नदीची रेती मिळणं कठीण झाल्यापासून बहुतेक ठिकाणी क्रश्ड सँड वापरतात. तिच्यात भुकटी जास्त असते, त्यामुळे वर येणारं पाणी कमी आणि पृष्ठभाग लवकर सुकतो. दुपारी दोनला ओतलेल्या काँक्रीटवर चार वाजता नखाने ओढल्यासारख्या रेघा दिसल्या तर त्या याच. पुडी तिथे कामाला येते.

पण काँक्रीट कडक झाल्यावर, गाडीचं चाक कडेवर आल्यावर, खालची माती बसल्यावर जी तडा जाते, तिथे या पुडीचा काही उपयोग नाही. म्हणून "पुडी टाकली, जाळी वगळली" हा सौदा तुम्ही मान्य करू नका. जाळीच्या जागी काही टाकायचंच असेल तर ते मॅक्रो फायबर. हे ४० ते ६० मिलिमीटर लांब, जाडसर, काडीसारखे तुकडे असतात, आणि घनमीटरला तीन-चार किलोपासून पुढे टाकावे लागतात. तडा गेल्यावरही हे तुकडे दोन्ही कडा धरून ठेवतात, फट रुंद होऊ देत नाहीत. विकत घेताना दाब-ताकद किती वाढते असं विचारू नका, ती जवळपास तेवढीच राहते. एम२५ चा चाचणीचा ठोकळा (क्यूब) एम२५ च्या ताकदीलाच फुटतो. विचारायचं ते असं: तडा गेल्यानंतर काँक्रीट किती ताण घेतं, आणि त्यासाठी घनमीटरला किती किलो टाकायचं? याचा टेस्ट रिपोर्ट जो देत नाही त्याचा माल नको. रस्त्यांसाठी इंडियन रोड्स काँग्रेसचं आयआरसी:एसपी:४६-२०१३ हे फायबर काँक्रीटचं मार्गदर्शक आहे. तुमच्या इंजिनिअरला ते माहीत असेल.

तिसरा प्रकार स्टीलचा, टोकं वाकवलेले तारेचे तुकडे. कारखान्याच्या, गोदामाच्या फरशीला उत्तम, घनमीटरला २० ते ४० किलो लागतात. घरासमोर मात्र मी तरी नको म्हणेन. आत गाडलेल्या तुकड्यांना काही होत नाही, पण पृष्ठभागावर आलेला प्रत्येक तुकडा खाऱ्या हवेत गंजतो. खाडीकाठच्या एका बंगल्यासमोर पहिल्याच पावसाळ्यानंतर मी पाहिलंय, सगळीकडे पावली-पावलीएवढे तांबूस डाग. ताकदीला धक्का नव्हता, पण घरमालकाला ते कोण समजावणार. आणि आंगणात पोरं अनवाणी खेळतात, ते वेगळंच.

"मग जाळीच बरी" असं लगेच म्हणू नका. घरासमोरच्या काँक्रीटमध्ये ८ मिलिमीटरच्या सळीची आठ-आठ इंचांवर जाळी टाकतात. कागदावर ती वरच्या तिसऱ्या भागात असते. प्रत्यक्षात मजूर तिच्यावरून घमेली घेऊन चालतात आणि ती खाली मुरमाला टेकते. "ओतताना हुकाने वर उचलतो" असं सांगतात, आणि एक-दोनदा उचलतातही, पण पुढच्या घमेल्याला ती परत खाली. पाइपलाइनसाठी फोडलेल्या जुन्या काँक्रीटच्या तुकड्यांत बघा: सळी तळाशी, अर्धी मातीत, गंजून फुगलेली, आणि तिच्याखाली काँक्रीटच नाही. अशी जाळी तडा धरत नाही, उलट आपल्या दमट हवेत स्वतःच गंजून काँक्रीट फोडते. मॅक्रो फायबरचा खरा फायदा हा की त्याला खाली तुडवता येत नाही. तेव्हा ओतण्याच्या दिवशी तुम्ही स्वतः किंवा विश्वासाचा मेस्त उभा राहून खाली पक्के चेअर (जाळी उचलून धरणारे आधार) लावून घेणार असाल तर जाळी टाका. नसाल तर मॅक्रो फायबर. तुमच्या मापाला पाच इंच जाडी धरली तर साधारण पावणेपाच घनमीटर काँक्रीट होतं, म्हणजे चार किलोच्या हिशेबाने एकोणीस किलो फायबर. जाळीची सळी, बांधणावळ आणि चेअर यांच्या खर्चाशी तुलना करून बघा.

आता ज्याबद्दल तुमचा कंत्राटदार अवाक्षर बोललेला नाही ते: जॉइंट, म्हणजे काँक्रीटमध्ये ठरवून दिलेले काप. काँक्रीट सुकताना आखडतं, फायबर असो वा जाळी. आयएस ४५६ (काँक्रीटचं भारतीय मानक) मध्ये अंदाजासाठी ०.०००३ हा आकडा धरतात. तुमचे चाळीस फूट म्हणजे १२.२ मीटर, म्हणजे साडेतीन मिलिमीटरच्या वर आखडणार. खालच्या जमिनीचं घर्षण त्याला सुखासुखी आखडू देत नाही, म्हणून ते कुठेतरी फाटणार. एकच सलग पट्टा ओतलात तर ते आपल्या मर्जीने, बहुधा मधोमध, फाटेल. दहा-दहा फुटांवर तीन काप दिलेत तर तेवढंच आखडणं कापांत वाटलं जातं आणि प्रत्येक काप जेमतेम एक-सव्वा मिलिमीटर उघडतो. तडा जायचीच असेल तर ती सरळ रेषेत, तुम्ही ठरवलेल्या जागी जाते. तुमचं नशीब की रुंदी दहा फूट आहे, त्यामुळे दहा बाय दहाचे चार चौकोन पडतात. लांबट तुकडा मधून तुटतो, चौकोन टिकतो.

काप जाडीच्या पाव ते एक तृतीयांश खोल हवा, म्हणजे पाच इंचाला साधारण सव्वा ते पावणेदोन इंच. कटर आणायची वेळ महत्त्वाची. पात्याने कडेची खडी उखडेनाशी झाली की लगेच कापायचं. आपल्या उष्म्यात सकाळी ओतलेलं त्याच संध्याकाळी किंवा रात्री कापायला येतं. "उद्या दुपारी माणूस पाठवतो" म्हणाला तर तडा त्याच्या आधी येईल. कटर मिळत नसेल तर एकाआड एक चौकोन ओता. घराच्या जोत्याला आणि कंपाउंडच्या खांबाला काँक्रीट चिकटू देऊ नका, मध्ये अर्धा इंच थर्माकोल किंवा बिटुमेन बोर्ड घाला. चेंबरचं झाकण येत असेल तर त्याच्या प्रत्येक कोपऱ्यावर तिरकी तडा येते. शक्य तर काप चेंबरच्या कडेला जुळवा, नाहीतर कोपऱ्यावर तिरक्या दोन सळ्या टाका.

खालचं काम लवकर सांगतो, ते तुम्हाला माहीत असेलच. भरावाची माती काढून चिऱ्याचा मुरूम थरा-थराने, पाणी मारून, प्लेट कॉम्पॅक्टरने बसवा. नुसतं पाय देऊन बसवलेला मुरूम जून-जुलैत कडेने वाहून जातो आणि काँक्रीट हवेत राहतं. मग कुठलंही फायबर वाचवत नाही. वर प्लास्टिकचा कागद. कडेला पाण्याला वाट. खाजनाकाठची (खाडीलगतच्या खारट शेताकडची) मऊ जमीन असेल तर पाच इंचांवर भागवू नका, आणि उन्हाळ्यात पाण्याचा टँकर आत येणार असेल तरी सहा इंच धरा. दहा हजार लिटर म्हणजे दहा टन नुसतं पाणी, गाडीचं वजन वेगळं.

ओतण्याच्या दिवशी एका गोष्टीवर डोळा ठेवा. फायबर घातलं की मिश्रण घट्ट दिसतं आणि मजूर लगेच पाण्याचा पाइप मिक्सरकडे वळवतो. तो तिथेच थांबवायचा. फायबर मिश्रण धरून ठेवतं, पाणी कमी पडलेलं नसतं. मोकळं हवंच असेल तर प्लास्टिसायझर (पाणी न वाढवता मिश्रण सैल करणारं रसायन). फायबर खडी-रेतीबरोबर, मिक्सर फिरत असताना, थोडं थोडं सोडत टाकायचं. सगळं एकदम ओतलं तर गुठळ्या होतात, आणि गुठळी म्हणजे काँक्रीटमधली पोकळ जागा. ट्रान्झिट मिक्सर (तयार काँक्रीट आणणारी ड्रमची गाडी) येणार असेल तर फायबर प्लांटवरच टाकून घ्या. साइटवर टाकावं लागलं तर ड्रम पाचेक मिनिटं पूर्ण वेगाने फिरू दे. पण गोव्यातल्या वाड्यावरच्या रस्त्याने तो ड्रम आत येतो का ते आधी मोजून ठेवा, वळणावर अडकून माल तासभर फिरत राहिला की सगळं मुसळ केरात.

फिनिश ब्रूमचा करा, उताराला आडवा. पावसाळ्यात शेवाळ धरतं आणि घोटून गुळगुळीत केलेल्या उतारावर माणूस घसरतो. झाडू एकाच दिशेने, सपाट धरून ओढायचा, उलटसुलट फिरवला की मॅक्रो फायबरची टोकं उभी राहतात. थोडी राहिली तरी काळजी नको, चाकाखाली झिजून जातात.

क्युअरिंग (काँक्रीट ओलं ठेवणं) पीपीसी, म्हणजे फ्लाय अ‍ॅश मिसळलेलं, सिमेंट असेल तर चौदा दिवस, ओलं गोणपाट किंवा वाफे करून. फायबर टाकल्याने यात एक दिवसाचीही सूट मिळत नाही. स्वतःची गाडी आठवडा गेल्यावर आणा, टँकर अठ्ठावीस दिवसांनी. चेंबर कुठे आहेत आणि गेटजवळ उतार किती आहे ते कळवलंत तर काप कुठे द्यायचे तेही सांगतो.